सागराचे अभयारण्य

हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र केवळ नकाशातच पाहिला असेल. मग सागराच्या रक्षणाची चिंता आपण का वाहावी, असे कोणी विचारील. परंतु वसमतची हळद ज्या पावसावर पोसते, तो पाऊस समुद्रावरूनच येतो. आणि आपली कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, व पुढे प्राणहिता आणि गोदावरी यांच्या प्रवाहातून ते पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. कयाधूच्या पात्रात फेकलेली प्लॅस्टिकची पिशवीही त्याच वाटेने जाऊ शकते. तेव्हा सागराविषयी सरकारास चार शब्द सांगण्याचा अधिकार आपणांसही आहे.

महाराष्ट्राचा स्वतःचा किनारा मात्र पश्चिमेस, अरबी समुद्रावर आहे. तेथे मालवणजवळ, शिवछत्रपतींनी बांधविलेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरात, १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथील पाण्याखाली प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हे. असंख्य चिमुकल्या जीवांनी मिळून उभारलेली ती वसाहत होय. तिच्या कपारींत माशांची पिले लपतात, वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या पाण्यात जातात. शेतकरी कितीही अडचणीत असला, तरी पेरणीसाठी राखलेले बियाणे सहसा दळत नाही. समुद्राचेही बियाणे असेच राखावे लागते.

परंतु राजपत्रात नाव छापल्याने अभयारण्य उभे राहत नाही. मालवणच्या मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. किनाऱ्यावरून पुष्कळांनी मिळून ओढावयाच्या मोठ्या जाळ्यास तेथे रापण म्हणतात. रापणीवर ज्यांच्या पिढ्या जगल्या, त्यांचे पाणीच बंद झाले तर त्यांची चूल कशी पेटावी? माझ्या मते समुद्राची खरी लूट रापणीने होत नाही. ती यांत्रिक नौकांच्या अवाढव्य पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्री प्रखर दिवे लावून केलेल्या मासेमारीने होते. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले; दिव्यांच्या मासेमारीस केंद्राने २०१७ साली बंदी केली. नियम झाले खरे, पण शेतास कुंपण घालून राखण्या न ठेवावा, तसे गस्ती नौकांवाचून ते नियम होत.

मच्छीमारांस सोबत घेण्याची एक चांगली रीत सरकारास ठाऊक आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव अडकला आणि जाळे कापून त्यास सोडले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली सुरू केली. धाकापेक्षा ही रीत शहाणपणाची!

२०२२ साली माँट्रियल येथे भारतासह अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत सागराचा तीस टक्के भाग रक्षिण्याचे ध्येय स्वीकारले. मुदत थोडी आहे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली, आंग्रिया नावाचे प्रवाळांचे पठार आहे. ते राज्याच्या सागरी हद्दीपलीकडे असल्याने त्याचे रक्षण दिल्लीच्या सरकारने करावयाचे आहे. मालवणचे काम मुंबईच्या सरकारचे. कोठे जाळे मुळीच टाकू नये आणि कोठे रापणीस मोकळीक असावी, हे त्याने मच्छीमारांसह बसून ठरवावे, आणि ती सीमा तरंगत्या खुणांनी समुद्रावर आखून द्यावी.