गच्चीवरील वाफा आणि श्रावकाची जयणा

अरबी घोडे उतरविण्याचे बंदर म्हणून ज्याची ख्याती सांगितली जाते, त्या घोडबंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा एके काळी भातखाचरे होती. मानपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे ही आज बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची नावे वाटत असली, तरी मुळात ती शेतकऱ्यांची गावे. भुलेश्वर, मशीद बंदर, मुलुंड येथून दुकानाची वही बगलेत घेऊन निघालेली अनेक जैन कुटुंबे गेल्या दोन-तीन दशकांत येथे स्थिरावली. पाठोपाठ देरासरे आली, पाठशाळा आल्या, आयंबिलाची सोय झाली. श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेशी नाते सांगणाऱ्या ठाणे नगरीत हे घडणे स्वाभाविकच होते. मातीशी असलेला संबंध मात्र तेवढा तुटला, आणि आता वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींच्या गच्चीवर निळ्या पिंपांत दुधी-दोडक्याचे वेल चढू लागले आहेत.

संकुलाच्या सभेत सामुदायिक भाजीबागेचा विषय निघाला की पाण्याचा व गळतीचा प्रश्न तर येतोच. परंतु जैन सभासदांची संख्या बरी असेल तर आणखी एक प्रश्न हमखास येतो. माती खणणे म्हणजे पृथ्वीकायाची विराधना, पाणी घालणे म्हणजे अप्कायाची, भाजी तोडणे म्हणजे वनस्पतिकायाची. मग श्रावकाने हा आरंभ आपणहून अंगावर का घ्यावा? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याच्या धंद्याचा समावेश आहे, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. साधुभगवंत सावद्य कार्याचा आदेश देत नाहीत; त्यामुळे बाग करा असे कोणी महाराजसाहेब सांगतील, अशी अपेक्षाही करू नये. हा निर्णय गृहस्थाचा, आणि त्याचे उत्तरदायित्वही गृहस्थाचेच.

तरीही परंपरेकडे नीट पाहिले तर चित्र एकरंगी नाही. असि, मसि आणि कृषी ही उपजीविकेची साधने लोकांना दाखविली ती भगवान ऋषभदेवांनी. उपासकदशांग सूत्रातील पहिला श्रावक आनंद. त्याचे चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरवैभवात गुंतलेले होते. व्यापारी वाचकांना हा हिशेब लगेच लक्षात राहतो; परंतु त्याच आनंदाने व्रत घेताना पाचशे नांगरांच्या जमिनीची मर्यादा बांधली होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. त्याने शेती टाकली नाही, तिला सीमा घातली. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ आणि पंचम जैन तर पिढ्यान्‌पिढ्या नांगरामागे चालत आले आहेत. सांगली-कोल्हापूरकडील दिगंबर घरांत शेती आणि स्वाध्याय एकाच छपराखाली नांदतात. शेती म्हणजे अजैन व्यवसाय, ही समजूत शहरातील पेढ्यांवर रुजलेली आहे. शास्त्रात तिला एवढा सरसकट आधार नाही. संकल्पी हिंसेचा त्याग आणि आरंभी हिंसेत घट, हा गृहस्थधर्माचा मार्ग आहे. शिवाय बाजारातून आणलेली भाजी काही आकाशातून पडत नाही. ती पिकवताना जे फवारले गेले, त्याचे अनुमोदन खरेदीदाराकडे येतेच. फक्त ते डोळ्यांसमोर घडत नाही, इतकाच फरक.

शहरातील शेती ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून सामान्य माणसाला थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा आणि पालापाचोळ्याचा हिशेब ठेवून पीक घेण्यास शिकविले. मुंबईत अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या सुमारे १,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर उसाच्या चिपाडाने भरलेल्या पिशव्यांत फळे-भाज्या घेतल्या आणि वर्षातील तीनशे दिवस रोज पाच किलोंच्या आसपास उत्पन्न मिळत असल्याचे मांडले. त्यांच्याच पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ पासून बाग उभी राहिली. खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांच्यासमोर रोजच्या ओल्या कचऱ्याचे काय करावे हा प्रश्न होता; गोदी कामगारांच्या जेवणाचा तोच कचरा गच्चीवर माती झाला. पुढे २००९ मध्ये त्यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट सुरू करून ही विद्या नागरिकांपर्यंत नेली. इंग्लंडात नगरपालिकेकडून भाड्याने मिळणाऱ्या अॅलॉटमेंट नावाच्या भूखंडांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तेथे एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे २५० चौरस मीटर येतात. घोडबंदर रोडवर तेवढ्यात तीन सदनिका बसतात, हे सांगण्याची गरज नाही.

येथील आरंभ म्हणूनच वजनाच्या हिशेबाने करावा लागतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. एक फूट खोलीची नुसती ओली माती तेवढ्याच जागेत पाचशे किलोंच्या आसपास भरते. म्हणजे बागेची माती पोत्याने वर चढवणे हा शुद्ध अविचार. दोशींचे चिपाड येथे उपयोगी पडते. रसवंतीवाला ते आनंदाने देतो. परंतु ताजे चिपाड गोड असते आणि मुंग्यांना आमंत्रण देते. म्हणून ते आधी पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे, मगच पिंपात भरावे. खाली चिपाड व सुका पाला, वर कुजलेले खत आणि अगदी थोडी माती, हा थर हलका राहतो. पिंपे विटांवर उचलून, तुळईच्या रेषेत ठेवावीत. जलरोधक थराची तपासणी आधी, संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय त्याबरोबर आणि सर्वसाधारण सभेचा ठराव त्यानंतर. गच्ची सर्वांची असते. चार उत्साही घरांनी परस्पर पिंपे चढवली की बाग रुजण्याआधी भांडण रुजते. अनेक संकुलांत गच्चीपेक्षा वाहनतळावरील पोडियमची जागा बरी पडते. मात्र जागा निवडताना रस्त्याकडील बाजू टाळून येऊरच्या डोंगराकडील बाजू घ्यावी. अवजड वाहनांची धूळ मेथीच्या पानावर बसते, दुधीच्या सालीवर बसली तर निदान सोलता येते.

पाण्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या भागात उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तेथे बाग हिरवी ठेवण्यासाठी टँकर मागवणे अप्कायाच्या दृष्टीनेही आणि वहीच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी जेवढे पोसेल तेवढीच पिंपे एप्रिल-मेमध्ये चालू ठेवावीत, उरलेली पाल्याने झाकून विश्रांतीस सोडावीत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी खारट असते. ते सलग घातल्यास माती बिघडते. आनंद श्रावकाने नांगर मोजले, तशी येथे पिंपे मोजून संख्या ठरवावी आणि ती ओलांडू नये.

आता खताचा भाग, जो जैन घरासाठी सर्वांत नाजूक आणि खरे तर सर्वांत सोपा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांवर ओल्या कचऱ्याची व्यवस्था शक्यतो आवारातच करण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा अनेकांची धावपळ झाली. परंतु ज्या घरात ताटात टाकत नाहीत आणि थाळी धुऊन पितात, तेथे कुजणारे उष्टे मुळातच नसते. उष्ट्यात दोन घडींच्या आत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, ही धारणा आजीने सांगितलेली असते. पालिकेच्या नियमाला जे साधायचे होते ते तिने नातवाच्या कानात आधीच घातलेले असते. उरतात त्या साली, देठ, शेंगांची टरफले. कांदा-लसणीची साल तर नाहीच. या साली त्याच दिवशी चाळणीत पसरून उन्हात वाळवाव्यात आणि सुक्या पाल्यात मिसळाव्यात. ओल्या सालीचे झाकलेले डबे आठवडाभर साठवले की त्यात अळ्या पडतात. मग त्या अळ्यांचे काय करायचे, या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. प्रश्नच उत्पन्न होऊ न देणे हीच जयणा. संकुलात झाडून जमा होणारा पाला जाळला जात असेल तर तो आधी थांबवून खतासाठी मागून घ्यावा. एका निर्णयात तेउकायाची विराधनाही टळते आणि खताचे अर्धे काम होते.

बाजारात गांडुळांसह खतपेट्या मिळतात. जीवविचारात द्वींद्रिय जीवांच्या नामावळीत गांडुळाचा उल्लेख आहे. ते विकत आणावे, पेटीत कोंडावे आणि मे महिन्याच्या उकाड्यात मरू द्यावे, हे श्रावकाला शोभणारे नाही. पाल्याचे खत स्वतःहून होते, थोडा वेळ अधिक लागतो इतकेच. त्यात पुढे गांडुळे आपणहून आली तर त्यांना धक्का न लावता वरचा थरच वापरावा. गूळ, शेण आणि गोमूत्र आंबवून केलेल्या ‘अमृतजला’बद्दलही काही कुटुंबे संकोचतात. तो संकोच योग्य आहे. त्यावाचून बाग अडत नाही. खत म्हणजे जिवंत माती, त्यात सूक्ष्म जीव असणारच. हे लपवून बागेला ‘अहिंसक’ अशी पाटी लावणे मात्र योग्य नव्हे.

कोणते पीक केव्हा घ्यावे, हा प्रश्न आला की जैन पंचांग आणि माळ्याचे पंचांग यांची आश्चर्यकारक जुळणी दिसते. अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमाशीपासून कार्तिक चौमाशीपर्यंत पालेभाजी वर्ज्य असते. अनेक दिगंबर घरांतही निदान चातुर्मासात ती बंद होते. ठाण्याच्या हवेत मेथी, कोथिंबीर, पालक उत्तम येतात ते नेमके उरलेल्या थंडीच्या महिन्यांत. पावसाळ्यात पालेभाजीच्या पानापानाला अळी असते, हे माळी सांगतो आणि पाठशाळाही सांगते. त्या दिवसांत वेलांना जागा द्यावी: दोडका, दुधी, पडवळ, घोसाळे. फळमाशी डंख करू नये म्हणून कोवळ्या फळाला कापडी पिशवी बांधली की औषध फवारण्याचा प्रसंग येत नाही. चिकट पिवळे सापळे दुकानदार आग्रहाने देतो, ते नाकारावेत. एखाद्या वालाच्या वेलावर मावा पडलाच तर तो वेल त्यांना सोडून द्यावा. दहा वेलांतला एक गेला, एवढे नुकसान व्यापाऱ्याला सोसवते. बहुबीज म्हणून वांगे आणि अनंतकाय म्हणून कंद बहुतेक घरांत चालत नाहीत. सामुदायिक बागेत ते लावायचे की नाही, हे अन्य सभासदांशी आधीच बोलून ठरवावे. आपला आचार दुसऱ्यावर ठरावाने लादता येत नाही.

पावसाळ्यातील आणखी एक धोका जैनेतर माळी सांगणार नाही. ओलसर गच्चीवर शेवाळ धरते, आणि निगोद म्हणून त्याचा विचार करणाऱ्या घरातील आजी मग पुढचे तीन महिने बागेत पाऊल टाकत नाहीत. एकदा धरलेले शेवाळ खरवडण्यालाही त्यांची संमती नसते. म्हणून मृगाआधी उतार आणि पन्हळी साफ कराव्यात, पिंपांखाली हवा खेळती ठेवावी आणि चालण्याची वाट कोरडी राहील अशी आखावी. कुंडीखालच्या थाळ्या काढून टाकाव्यात. डासांची अळी जन्मलीच नाही, तर पालिकेचा फवारणीवालाही वर येत नाही.

शेवटची अडचण तिथीची. अष्टमी-चतुर्दशीला, कोठे महिन्यात पाच तर कोठे दहा-बारा तिथींना घरात हिरवी भाजी शिजत नाही. चैत्र आणि आश्विनातील ओळीत नऊ दिवस आयंबिल. वेलाला तिथी कळत नाही, दोडका दोन दिवसांत जून होतो. एकट्याच्या बागेत येथे नासाडी होते. सामुदायिक बागेत आदल्या दिवशी तोडणी करून ती टोपली रखवालदार, सफाई कामगार आणि घरकामाच्या बायकांकडे जावी, असा नियम बागेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवता येतो. ही सोय उपकार म्हणून नको. त्यांच्यापैकी कित्येकांचे हात गावाकडे शेतीत मुरलेले असतात, आणि दुधीचा वेल कोठे खुडावा हे संकुलातील कोणत्याही सदस्यापेक्षा त्यांना चांगले कळते. वाफ्यांत त्यांचा वाटा प्रथमपासून धरला तर बागेला शिकवणारा मिळतो आणि दिवाळीत सभासद गावी गेले तरी पाणी चुकत नाही.

पहिल्या वर्षी बारा पिंपे पुरेत. पावसाळ्यात पाला साठवून खत तयार ठेवावे. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत, शेजारच्या पिंपात मेथी. मेथी महिनाभरात कापणीला येते, कोथिंबिरीला आठ-पंधरा दिवस अधिक लागतात. फाल्गुन चौमाशीपर्यंत मेथीच्या तीन पेरण्या सहज होतात.