संसदेचा निर्णय बाजूस सारू नका

निव्वळ संगणकीय आज्ञावलीवर कोणालाही पेटंटची मक्तेदारी मिळता कामा नये, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. आणि २००४ च्या पेटंट अध्यादेशाने अशा मक्तेदारीसाठी उघडू पाहिलेला दरवाजा संसदेने २००५ साली विचारपूर्वक बंद केला असता, पेटंट कार्यालयाने २०१७ साली आज्ञावलीच्या पेटंटसाठी तिला नव्या यंत्रसामग्रीची जोड हवी ही अट गाळावी आणि २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांतही ती परत आणू नये, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

याची झळ बंगळूर-पुण्यापुरतीच राहील, असे सोलापुरात कोणी समजू नये. ज्या जॅकार्ड मागावर आमच्या चादरीची नक्षी उतरते, तो मुळात छिद्रांकित पत्त्यांच्या आज्ञेने चालणारा. आता नक्षी संगणकावर आखली जात असताना, ताण्याचे धागे उचलण्याच्या गणिती क्रमावरच एखादी दूरस्थ कंपनी हक्क सांगू लागली, तर दहा-वीस मागांच्या कारखानदाराने वकिलाची फी भरावी की कामगारांचा पगार? भौगोलिक मानांकन चादरीच्या नावाचे रक्षण करते, त्या गणिताचे नव्हे. आज्ञावली लिहिणाऱ्यास कॉपीराइटचे संरक्षण आहेच, आणि ते पुरेसे आहे.

केंद्र सरकारने गाळलेली अट पूर्ववत करावी, आणि सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी संसदेत जाब विचारावा.