उतारवयाचा पत्ता वेळेत ठरवा

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत परदेशी निघालेले आईवडील येत नसतील, असा समज आहे. तो खरा नाही. शाळेतून, एसटीतून, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि ज्यांची मुले शैक्षणिक कर्ज काढून अमेरिका-कॅनडात पोहोचली, असे अनेकजण आमच्याकडेच येतात. उन्हाळा जवळ आला की त्यांची मागणी ठरलेली असते, ‘सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या.’ अलीकडे त्यापुढचा प्रश्नही येतो. ‘मुलगी म्हणते, आता कायमचेच या. तब्येतीच्या दृष्टीने जावे का?’ कधी प्रश्न उलट्या दिशेने येतो. तीस वर्षे परदेशात काढलेले जोडपे विचारते, ‘आता परत यावे का?’

हा प्रश्न घरोघरी भावनेच्या आणि पैशाच्या अंगाने चर्चिला जातो. आरोग्याचा विचार होतो तो बहुधा पहिला झटका येऊन गेल्यावर किंवा पडून हाड मोडल्यावर. तोवर उशीर झालेला असतो, कारण इथे दोन घड्याळे चालू असतात. एक शरीराचे, दुसरे व्हिसा आणि विम्याच्या नियमांचे. दुसरे घड्याळ वर्षांच्या हिशेबाने चालते. शरीर मात्र एका रात्रीत बदलू शकते.

भारतात 2022 साली साठीपुढच्या लोकांचे प्रमाण सुमारे 10.5 टक्के होते. 2050पर्यंत ते 20.8 टक्के होईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2023च्या अहवालाचा अंदाज आहे. यातल्या बऱ्याच घरांत मुले दूर असतील. म्हणून हा विषय मूठभरांचा राहिलेला नाही.

नियमांचे घड्याळ

अमेरिकेपासून सुरुवात करू. मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक असेल तर आईवडिलांना ग्रीनकार्ड मिळू शकते. पण ग्रीनकार्ड मिळाले म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, लगेच मिळत नाही. वय 65 पूर्ण हवे आणि त्या देशात सलग पाच वर्षे वास्तव्य हवे. त्यानंतरही, स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण दहा वर्षे नोकरी करून कर भरलेला नसेल, तर रुग्णालयाच्या खर्चासाठीचा भाग विकत घ्यावा लागतो. 2025मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिन्याला 518 डॉलर होता. मधल्या पाच वर्षांत खासगी विमा घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. म्हणजे 68व्या वर्षी गेलेल्या माणसाला मेडिकेअरचे दार 73व्या वर्षी उघडते. ही पाच वर्षेच हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोगाच्या दृष्टीने जोखमीची असतात.

पर्यटक म्हणून जाणाऱ्यांचा प्रवासविमाही नीट वाचावा. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार हे ‘आधीपासूनचे आजार’ त्यात बहुधा वगळलेले असतात किंवा फार मर्यादित स्वरूपात धरलेले असतात. आपल्याकडच्या सत्तरीतल्या माणसाला याखेरीज दुसरे काय होणार?

कॅनडाचा सुपर व्हिसा घेऊन आईवडील 2022पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा आणि वैद्यकीय तपासणी लागते. ऑस्ट्रेलियात पालकांच्या साध्या कायम व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. मोठे शुल्क भरून जलद जाण्याचा मार्ग आहे, तो माणशी चाळीस हजार डॉलरच्या पुढे जातो आणि तोही काही वर्षे घेतो. शिवाय प्रकृतीच्या निकषांत बसावे लागते. ब्रिटनने 2012पासून उलटे टोक गाठले आहे. रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची दीर्घकाळ मदत लागते आणि ती मायदेशात पैसे देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करावे लागते. एका देशात आजारी असाल तर प्रवेश अवघड, दुसऱ्यात धडधाकट असाल तर प्रवेश अवघड.

आखाती देशांत निवास परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. संयुक्त अरब अमिरातीने पंचावन्नपुढच्यांसाठी निवृत्ती व्हिसा आणला आहे, पण त्याला मालमत्ता, बचत किंवा उत्पन्नाच्या अटी आहेत. रत्नागिरी-रायगडातून गेलेल्या सामान्य कामगाराला परतावेच लागते आणि नोकरीबरोबर विमाही संपतो.

परत येणाऱ्यांसाठी आपल्याकडचे घड्याळही समजून घेतले पाहिजे. एप्रिल 2024पासून आरोग्यविमा घेण्यासाठीची 65 वर्षांची मर्यादा नियामकाने काढली आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे आणि वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून शून्य झाला आहे. याचा सरळ अर्थ असा की, साठीला परतायचे असेल तर पॉलिसी सत्तावन्नाव्या वर्षी, तिकडे नोकरीत असतानाच घ्यावी. ऑक्टोबर 2024पासून सत्तरीपुढच्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआयधारकांनी मात्र ते गृहीत धरू नये. अमेरिकेतून परतणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की मेडिकेअर सहसा भारतातील उपचारांचे पैसे देत नाही. त्यातला डॉक्टरांच्या सेवेसाठीचा भाग बंद करून पुढे पुन्हा सुरू केला, तर हप्त्यावर वाढीव दंड बसतो आणि तो बहुतेकांना कायम भरावा लागतो.

रोजच्या जगण्यातले आजारपण

नियम पार केले तरी रोजचा दिवस जगायचा असतो. पहिली अडचण गोळ्यांची. आपल्याकडे मधुमेहाच्या दोन-तीन औषधांची मिळून एकच गोळी सर्रास दिली जाते. तशी मिश्रणे परदेशात अनेकदा मिळत नाहीत. गोळ्यांची व्यापारी नावे तिथे कुणाला कळत नाहीत. अमेरिकेत तर मूळ नावेही बदलतात. आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन असते, दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल असते. घरच्या गोळीबरोबर तिथल्या दुकानातली सर्दीची गोळी घेतली की एकच औषध दोनदा पोटात जाते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखरेचे एकक वेगळे आहे. आपली 180 साखर तिथल्या यंत्रावर 10 दिसते. ‘साखर दहावर आली’ म्हणून घाबरून इन्सुलिनच्या डोसाशी खेळणे जिवावर बेतू शकते.

दुसरी अडचण चालण्याची. इथे भाजी, दूध, देऊळ, कट्टा या निमित्ताने पाय हलतात. अमेरिकी उपनगरात मोटार चालवता येत नसेल तर दाराबाहेरचे जग मुलांच्या सवडीवर अवलंबून असते. हिवाळ्यात बर्फावर घसरण्याची भीती. थंडीत रक्तदाब चढतो, ऊन मिळत नाही, ड जीवनसत्त्व कमी होते, स्नायू झिजतात. सहा महिन्यांनी परतलेल्या माणसाची साखर वाढलेली दिसते, ती सगळी पिझ्झामुळे नसते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी, एकटेपणाची. एकाकीपणाचा संबंध दरवर्षी जगभरातल्या सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025मध्ये सांगितले. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य, स्मृतिभ्रंश या सगळ्यांशी त्याचे नाते आहे. आपले ज्येष्ठ ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘भूक नाही, झोप नाही, पाय ओढतात.’ सून-मुलगा सकाळी आठला बाहेर पडतात, नातवंडे इंग्रजीत बोलतात. अर्थात परदेशाला दोष देऊन इथली स्थिती चांगली ठरत नाही. मुले निघून गेलेल्या पुण्या-नाशिकच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आजीही तितकीच एकाकी असते.

स्मरणशक्ती कमी होत असेल तर आणखी जपायला हवे. ओळखीची खोली, ओळखीचा रस्ता हा अशा माणसाचा आधार असतो. नव्या घरात तो रात्री न्हाणीघर शोधत भरकटतो, पडतो. मागाहून शिकलेले इंग्रजी अनेकदा आधी विसरते, मराठी टिकते. अशा वेळी अमेरिकेतल्या रुग्णालयात दुभाषी मागावा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर तो मोफत देण्याचे बंधन आहे. आजोबांच्या लघवीच्या तक्रारी नातवाने डॉक्टरांना सांगाव्यात, अशी वेळ येऊ देऊ नये.

‘सहा महिने इथे, सहा तिथे’ हा मध्यममार्ग साठीत छान चालतो. पण त्यात माणूस कुठल्याच डॉक्टरचा राहत नाही. इकडे सुरू झालेल्या तपासण्या तिकडे अर्धवट राहतात. ग्रीनकार्ड असेल तर दीर्घ काळ बाहेर राहिल्यास ते धोक्यात येते आणि मेडिकेअरसाठीची सलग पाच वर्षेही तुटू शकतात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर औषधांची मूळ नावे, मात्रा, शेवटचा ईसीजी, शस्त्रक्रियांची माहिती असा एकपानी गोषवारा इंग्रजीत कायम पाकिटात हवा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत हवे.

प्रश्न वाईट दिवसाचा

घर निवडताना आपण चांगल्या दिवसाचा विचार करतो. हवा, स्वच्छता, नातवंडे, मित्र. मी रुग्णांना वाईट दिवसाचे तीन प्रश्न विचारायला सांगतो. रात्री दोनला छातीत दुखले तर रुग्णालयात कोण नेईल आणि बिल कोण भरेल? अंथरुणाला खिळल्यावर रोज अंघोळ कोण घालील? दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेले माणूस कुणाशी बोलेल?

अमेरिकेत पहिल्या प्रश्नाला, विमा असेल तर, चांगले उत्तर आहे. दुसऱ्याला नाही. दीर्घकालीन घरगुती शुश्रूषेचा खर्च मेडिकेअरही सहसा देत नाही. आपल्याकडे 108ची रुग्णवाहिका आहे आणि शहरात पैसे देऊन मदतनीस मिळतात, पण त्यांचे प्रशिक्षण बेताचे आणि त्यांच्यावर देखरेख कुणाचीच नाही. तालुक्याच्या गावी तेही अवघड. आपल्या सरकारी योजना रुग्णालयातल्या खाटेचा खर्च उचलतात, घरातल्या खाटेचा नाही. धोरण म्हणून सर्वांत मोठी उणीव हीच आहे. घरी जाऊन शुश्रूषा देणारी सार्वजनिक यंत्रणा उभी राहिली नाही, तर कुठे राहायचे ही निवड खिशावरच ठरत राहील.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी क्वचितच मिळतात. ज्या ठिकाणी दोन मिळतात आणि तिसऱ्याची तजवीज करता येते, ते ठिकाण निवडावे. आणि निवड साठीच्या आसपास, दोघे धडधाकट असताना करावी, म्हणजे पाच किंवा तीन वर्षांची प्रतीक्षा संपेपर्यंत शरीर साथ देईल.

मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा हा विषय काढा. मुले तो काढणार नाहीत, त्यांना वाटते आईबाबांना वाईट वाटेल. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये मान्य केलेले आणि 2023मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येते. त्याची एक प्रत मुलांकडे आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. अतिदक्षता विभागाबाहेर, अकरा हजार किलोमीटरवरून आलेल्या फोनवर हे ठरवण्याची वेळ मुलांवर येऊ नये.