हिरव्या पाटीचा हिशेब

कृषिपंपाचा नियंत्रक असो, इन्व्हर्टर असो वा किराणा दुकानातील वजनकाटा, उपकरण उघडले की आत बहुधा एक हिरवी पाटी दिसते. व्यवहारात तिला पीसीबी म्हणतात. काचतंतू आणि इपॉक्सीच्या पत्र्यावर तांब्याच्या रेषा, आणि त्यांवर डाखलेले सारे सुटे भाग. पाटीच कच्ची निघाली तर उत्तमातील उत्तम आयसीही व्यर्थ. म्हणूनच भोसरी वा सातपूरच्या एखाद्या गाळ्यात स्वतःचे उपकरण घडवू पाहणाऱ्या तरुण उद्योजकापुढे प्रश्न उभा राहतो, की ही पाटी करून घ्यावयाची कोणाकडून?

अनेकांचे उत्तर तयार असते : चीन. दहा सेंटिमीटर चौरसाच्या, दोन थरांच्या पाच नमुना पाट्या शेन्झेनचे कारखाने अवघ्या काही डॉलरमध्ये देतात. अनेक ग्राहकांचे आराखडे एकाच मोठ्या पत्र्यावर बसवले जातात आणि खर्च वाटला जातो. यात जादू नाही, संघटन आहे. तेवढे श्रेय प्रतिस्पर्ध्यालाही दिले पाहिजे. मात्र नमुन्याचा भाव म्हणजे हजार पाट्यांचा भाव नव्हे. वाहतूक, सीमाशुल्क आणि खोळंब्याचे दिवस त्यात धरावे लागतात. शिवाय चीन व हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या पाट्यांवर केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लावले. तुलना करावयाची ती माल दारात पडतो त्या भावाची.

भावापेक्षा अवघड परीक्षा गुणवत्तेची. पाटीवरील रेषा डोळ्यांना दिसतात; दोन थर जोडणाऱ्या बारीक छिद्रांतील तांब्याचा मुलामा दिसत नाही, आणि कसूर नेमकी तेथेच होते. आयपीसी मानकानुसार सर्वसाधारण औद्योगिक उपकरणांसाठी हा मुलामा सरासरी २० मायक्रॉन, तर उच्च विश्वासार्हतेच्या उपकरणांसाठी २५ मायक्रॉन हवा. तो पातळ असेल तर पाटी तापून-निवून फुगते-आकसते तेव्हा आत तडा जातो. कारखान्यात चाचणी उत्तीर्ण झालेला नियंत्रक मग विदर्भातील मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, पिकाला पाणी हवे असतानाच बंद पडतो. यासाठी छिद्राच्या काटछेदाचा अहवाल मागावा. प्रत्येक पाटीची विद्युत तपासणी होते काय, आणि ती दरात धरली आहे की वेगळी आकारली जाईल, हेही आधीच विचारावे. असे प्रश्न ज्याला नकोसे वाटतात, त्याच्याकडे मागणी नोंदवू नये. आणखी एक : आराखड्याच्या गर्बर फाइल्स स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात, म्हणजे उत्पादक बदलणे हातात राहते.

स्वदेशी पर्याय नाहीत असे मुळीच नाही. गांधीनगर, बंगळुरू, म्हैसूरजवळील नंजनगूड येथे पाट्या तयार होतात. रात्रीची गाडी पकडून कारखाना स्वतः पाहता येतो, तक्रार आपल्या भाषेत मांडता येते. या सोयीचेही मोल असते. तथापि तांबे चढवलेला मूळ पत्रा आजही मोठ्या प्रमाणावर आयात होतो, हे वास्तव भावनेच्या भरात झाकू नये. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटी रुपयांच्या घटक-उत्पादन योजनेत बहुस्तरीय पाट्यांचा समावेश आहे. तिचा लाभ मोठ्या कारखान्यांना होईलच. परंतु दहा पाट्यांची मागणी घेऊन येणाऱ्या नवख्या उद्योजकाला आपल्या कारखानदाराने दरपत्रकही चार-चार दिवस पाठवू नये आणि शेन्झेनने ते काही मिनिटांत द्यावे, हे अंतर कोणतेही शुल्क भरून काढणार नाही. ते कारखानदारांनीच मिटवावयाचे आहे.