‘मशीन ओके’ एवढ्यावर फॉलो-अप संपत नाही

कळंब तालुक्यातल्या एका फिजिशियन वाचकाचे पत्र आले आणि ठरलेला विषय बाजूला ठेवावा लागला. त्यांचा रुग्ण पन्नाशीतला शेतकरी. व्हीटीनंतर मोठ्या शहरात आयसीडी बसवलेला. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरपाशीच शॉक बसला. इंटरोगेशनमध्ये व्हीटी स्पष्ट दिसला. शॉक योग्य होता, लीड आणि बॅटरीही उत्तम. पण स्टार्टरचा करंट छातीतल्या मशीनमध्ये उतरला, हे त्याच्या मनात पक्के बसले आहे. तेव्हापासून तो विहिरीकडे फिरकत नाही. रात्रभर भिंतीला टेकून बसतो. आपल्यामुळे बायकोला करंट लागेल म्हणून तिला जवळ झोपू देत नाही. ठिकठिकाणी ईसीजी झाले, सगळे नॉर्मल आले, आणि प्रत्येक ठिकाणाहून अल्प्राझोलामची चिठ्ठी मिळाली.

पुढचा मजकूर वाचून संताप आला. गावातल्या आशाताईंनी शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’च्या प्रश्नावलीतून त्याचे नैराश्य बरोबर हेरले आणि त्याला मानसोपचार ओपीडीला पाठवले. तिथे छातीवरचा उंचवटा पाहून सांगण्यात आले, आधी मशीन बसवलेल्या ठिकाणाहून कार्डियाक फिटनेस आणा. मशीन बसवलेल्या ठिकाणी कंपनीच्या टेक्निशियनने प्रोग्रामर लावला, प्रिंटआउट काढला, आणि वर शेरा मिळाला: ‘डिव्हाइस नॉर्मल, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.’ आता फिटनेस नाही म्हणून मानसोपचार नाही, आणि मानसोपचार झाल्याशिवाय फिटनेस नाही. दरम्यान एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून त्याने दोन्हीकडे जाणे सोडले. आमिओडॅरोनही बंद केले.

हा एकट्या पत्रलेखकाचा अनुभव नाही. परांडा, भूम, उमरगा, लोहारा, कुठेही विचारा. रोपणाच्या क्लेम फाइलला डिव्हाइसचा स्टिकर लागतो, इन्व्हॉइस लागते, नंतरचा एक्स-रे लागतो, डिस्चार्जचा फोटो लागतो. एक कागद कमी पडला तर क्वेरी येते. रुग्णाची झोप, भीती, उदासी विचारल्याची एक ओळ त्या फाइलीत कुणी मागितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चे कलम 21 मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा म्हणते. ‘प्रेरणा’ 2015 पासून मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांसाठी आहे, त्यात आपला धाराशिव जिल्हाही आहे. कायदा आहे, प्रकल्प आहे, आशाताई दारापर्यंत जातात. तरी मानसोपचाराचा आणि हृदयरोगाचा केसपेपर एका टेबलावर येत नाही, याचे उत्तर आरोग्य विभागाने द्यावे.

पहिला आयसीडी माणसाच्या शरीरात बसला 1980 मध्ये. त्यानंतरच्या अभ्यासांचा गोषवारा सांगतो की आयसीडीधारकांत साधारण दर पाचांत एकाला लक्षणीय चिंता असते, आणि शॉक बसलेल्यांत ती जास्त. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने ऑगस्ट 2025 मध्ये हृदयरोग आणि मानसिक आरोग्य यांवर स्वतंत्र सहमतीपत्रच काढले. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्यात ज्यांनी काम केले, त्या आपल्या ज्येष्ठ डॉक्टरांना तर हे नव्याने सांगायला नको. भीती ‘छातीत धडधड’ म्हणून ओपीडीत येते, हे त्यांनी तेव्हा रोज पाहिले आहे.

अधिकाऱ्यांना बोललो, आता आपल्या डॉक्टरांनाही बोलतो. अल्प्राझोलामची पट्टी लिहून देणे हा उपचार नाही, रुग्णाला लवकर बाहेर काढण्याचा मार्ग आहे. झोपेसाठी सर्रास अमिट्रिप्टिलिन लिहिणाऱ्यांनी व्हीटीच्या रुग्णात तरी हात आवरावा. क्यूटीसी न पाहता सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम सुरू करू नये. सर्ट्रालिनचा हृदयरुग्णांतला अनुभव चांगला आहे, ते सुरू करायला फिजिशियनलाही अडचण नसावी.

आणि औषधाआधी बोला. स्टार्टरने शॉक दिला नाही, लय बिघडली म्हणून मशीनने दिला, हे प्रिंटआउट समोर धरून दाखवा. शॉकच्या वेळी हात लागला तरी बायकोला फार तर झिणझिणी जाणवेल, इजा होणार नाही, हे तिच्यासमोर सांगा. अर्थिंग नीट असलेला पंप चालवायला बहुतेकांना हरकत नसते. वेल्डिंग मात्र डिव्हाइस क्लिनिकला विचारल्याशिवाय नको. शॉकनंतर काय करायचे ते मराठीत लिहून द्या: एक शॉक बसला आणि बरे वाटते आहे, तर डॉक्टरांना फोन, दिवसभरात दोन किंवा अधिक बसले, किंवा एकानंतरही चक्कर, दम, छातीत दुखणे असेल, तर थेट 108. पेसमेकरवाल्यांनाही सोडू नका. प्रत्येक भेटीत पीएचक्यू-2 चे दोन प्रश्न विचारा. बेरीज 3 किंवा जास्त आली तर पीएचक्यू-9 भरा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. रुग्णाच्या हाती टेलिमानसचा 14416 क्रमांक द्याच, पण तेवढ्यावर त्याला सोडू नका.

जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आमची मागणी एकच आहे. महिन्यातली एक सकाळ ठरवा, त्या दिवशी प्रोग्रामर घेऊन टेक्निशियन धाराशिवला येऊ दे आणि शेजारच्या खोलीत मानसोपचारतज्ज्ञ बसू देत. या मागणीसोबत आकडा जोडायचा आहे. आपापल्या ओपीडीतल्या पेसमेकर, आयसीडी आणि सीआरटीधारकांची संख्या, नावे न देता, तालुकावार आमच्याकडे महिनाअखेरपर्यंत पाठवा. ज्या तालुक्यातून काही येणार नाही, तिथल्या आपल्या संघटनेच्या सदस्यांना आम्ही फोन करणार आहोत.