जीप उलटली, माणूस गेला कुठे?

टॉम रॉब स्मिथ यांची ‘चाइल्ड ४४’ ही कादंबरी २००८ साली आली. स्टॅलिनच्या रशियात मुलांचे खून पडत राहतात आणि साहेब लोक म्हणतात, आमच्या राज्यात खून होतच नाहीत! आमचे वाचनवेडे मित्र हळहळतात, ‘काय ती हुकूमशाही!’ आम्हाला मात्र परभणी आठवते.

ख्वाजा युनूस परभणीचा. इंजिनिअर, वय २७, दुबईला नोकरी. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये त्याला धरले. जानेवारीत पोलिसांनी सांगितले, पारनेरजवळ जीप उलटली, तो पळाला. सहआरोपीने कोर्टात सांगितले, कोठडीत त्याला मारहाण झाली, तो रक्त ओकत होता. सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने चौघांपुरतीच खटल्याची मंजुरी दिली. २००५ साली त्या स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले.

२०१२ साली उच्च न्यायालयाने आई आसिया बेगम यांना २० लाखांची भरपाई द्यायला लावली. मग भरपाई कोणाची? पळून गेलेल्याची?

२०१८ साली पहिला साक्षीदार बोलला, त्याने आणखी पोलिसांची नावे घेतली. त्यांनाही आरोपी करा, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी दिला, तर वकीलच बदलले. २०२० साली आरोपी पोलीस सेवेत परतले. प्रेत सापडले नाही. ना कफन, ना कब्र.

आणि आम्ही? अस्मितेवर परिसंवाद पुष्कळ झाडले. आमच्यातले किती लेखक वही घेऊन पारनेरच्या त्या रस्त्यावर गेले?