किती पळतं हो?

विमान दिसलं की आपला माणूस दोनच प्रश्न विचारतो : ‘केवढ्याला पडलं?’ आणि ‘किती पळतं हो?’ पहिला प्रश्न निदान प्रामाणिक आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०२० साली आमच्या शेजारी धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. त्यामुळे वाटणीत थोडा अभिमान आमच्याही वाट्याला आला. पण पानाच्या ठेल्यावर चर्चा कसली? इंजिन कितीचं, नि पळतं किती!

यादवांच्या विमानाला जुळा भाऊ नाही, म्हणून तुलनेसाठी अमेरिकेत जाऊ. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची ‘आरव्ही’ जातीची विमानं हौशी मंडळींनी आपल्या हातांनी जोडली, तीही १०,००० हून अधिक. त्यांतलं एकच मॉडेल घ्या. तोच नकाशा, तोच पत्रा, तेच इंजिन. तरी एक पुढं, एक मागं. मग मागं राहिलेल्याला इंजिनपूजक सल्ला देतो, ‘मोठं इंजिन टाका की राव!’

या पूजकांना आम्हा कॉमर्सवाल्यांचा हिशेब दाखवायलाच हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी शक्ती घनानं. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के वाढवा! ताशी १५० मैलांचे १६५ करायला १६० अश्वशक्तीचं इंजिन काढून २१३ चं घाला. वर त्याचं वजन नि त्याचं पेट्रोल. या अर्जावर कुठलाही मॅनेजर सही करणार नाही.

खरी गळती किरकोळ खर्चात असते. इंजिन गार करायला आत घेतलेली हवा भलत्याच फटीतून निसटते. चाकांवरची टोपणं जरा वाकडी बसतात. एक पंख केसभर तिरपा, म्हणून विमान सरळ ठेवायला सुकाणू सतत कलतं धरावं लागतं. प्रॉपेलरच्या पात्यांचा पीळ इंजिनाला मानवत नाही. एकेक रक्कम चिल्लर. बेरीज केली की डोळे पांढरे! हवेचा विरोध १० टक्के घटवला तर त्याच इंजिनावर १५० चे १५५ होतात, आणि तेही फटी बुजवून.

त्यात वेगाची मापंही फसवी. एक मालक मैलांत सांगतो, दुसरा नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे सुमारे १.१५ मैल. शिवाय ८,००० फुटांवर हवा विरळ. तिथं काटा १५० दाखवतो, तेव्हा खरा वेग १६९ च्या आसपास असतो. काट्याला हवा पुरवणारं भोक चुकीच्या जागी पडलं असेल, तर काटाही थापा मारतो. मग दोन मालकांची पैज म्हणजे एकाचं पासबुक नि दुसऱ्याचं बिल ताडून पाहणं!

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी खूर, दात नि पाय पाहतो, मगच दौड विचारतो. घोड्याला मिळतो तेवढा मान हातानं विमान बांधणाऱ्यालाही द्या. ‘किती पळतं?’ च्या आधी एवढंच विचारा : ‘फटी कशा बुजवल्या, हो?’ तो तासभर बोलेल. बोलू द्या; विमानाचा वेग त्या तासाभरातच आहे.